सुजाताच्या सख्ख्या बहिणीच्या शोधार्थ केलेला प्रवास

अर्जदार : नामदेव किसन पडघान, वय अठ्ठेचाळीस, धंदा अर्जनविशी, राहणार वाशीम, जिल्हा अकोला.
जिच्या बाबतीत अर्ज : सुजाता, वय दहा, इयत्ता चौथी, अर्जदाराची दत्तक कन्या.
प्रवासाचा काळ : चैत्र शुद्ध षष्ठी ते नवमी, सन १९७८.
प्रवासाची ठिकाणे : अनसिंग, शेलूबाजार, पोहरादेवी व परत वाशीम.
साक्षीदार : एक, हमीदाबी, शिवणकाम करणाऱ्या, अर्जदाराच्या शेजारीण. दोन, गफूरभाई, बारदान्याचे व्यापारी, शेलूबाजार. तीन, वानखडे, हजेरी कारकून, रोजगार हमीचे रस्त्याचे काम, पोहरादेवी.

गैरअर्जदाराचा रकाना मी मोकळा ठेवला आहे. मजकूर वाचून झाल्यावर वाचकांना योग्य वाटेल ते नाव त्यांनी तेथे घालावे.

वाशीमच्या तहसील कचेरीच्या आवारात लिंबाखाली जी टेबले मांडलेली असतात, त्यांतले दक्षिणेकडून दुसरे माझे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले असले तरी माझा मसुदा पाहून वकील लोकही क्षणभर थबकतात, हे मी अभिमानाने नमूद करतो. सकाळपासून माझ्याभोवती माणसांचा वेढा असतो. कोणाच्या बांधाची तक्रार, कोणाच्या वारसाची नोंद. कागद पुरा झाला की माणूस उठून जातो. वीस वर्षांत माझ्या टेबलाशी बसून कोणी डबा उघडल्याचे मला आठवत नाही. पत्नी सुंदराबाई तीन वर्षांपूर्वी वारली. तेव्हापासून घरात सुजाता आणि मी, एवढीच वस्ती.

दोन वर्षांपूर्वी सुजाताच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, अंगावर न पडता न आपटता निळे डाग उठू लागले, आणि ताप हटेना. अकोल्याहून आम्हांला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात धाडले गेले. तेथे निदान झाले, रक्ताचा कॅन्सर. भरतीच्या वेळी जो छापील फॉर्म दिला, तो इतर पालक तेथील बाईंकडून भरून घेत होते. मी स्वतः भरला, आणि वळणदार अक्षरात भरला. सातव्या रकान्यात विचारले होते : सख्खी भावंडे किती? मी लिहिले, निरंक. आमच्या कचेरीच्या भाषेत निरंक म्हणजे काही नाही. दत्तकपत्रानुसार सुजाताचा तिच्या मूळ कुटुंबाशी संबंध संपलेला होता, म्हणून माझे उत्तर कागदोपत्री खरे होते.

औषधांनी आजार हटला. केस गेले, पुन्हा आले. यंदाच्या थंडीत आजार परतला. पुन्हा औषधे, पुन्हा केस गेले, पुन्हा आजार मागे सरला. फाल्गुनात तपासणीला गेलो तेव्हा तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून घेतले आणि आजार समजावून सांगितला. माझा धंदा विचारून त्यांनी माझ्याच धंद्यातला दाखला दिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

"तुम्ही नकला काढता ना? शरीरातही पेशींच्या सारख्या नकला निघत असतात," त्या म्हणाल्या. "पेशीत बारीक धागे असतात, त्यांत सगळा मजकूर असतो. हिच्या एका पेशीत नक्कल निघताना एका धाग्याचा तुकडा तुटून दुसऱ्याला चिकटला. मग त्या चुकीच्या नकलेवरून पुढच्या नकला निघत गेल्या."

मी विचारले, "आईबापाकडून आलं का हे?"

"नाही. जन्मानंतर झालेली चूक आहे. कोणी केली नाही, झाली. औषधानं आम्ही चुकीच्या नकला फाडतो, पण एखादी हाडाच्या आतल्या मगजात लपून राहते आणि पुन्हा सुरू होते. परदेशात आता मुलाचा तो सगळा मगज औषधानं रिकामा करतात आणि सख्ख्या भावंडाचा निरोगी मगज नसेतून चढवतात. जुळला तर नवा मजकूर तिथून सुरू होतो. आपल्याकडे हे अजून रुळलेलं नाही. आमचे एक डॉक्टर शिकून आलेत, सुरुवात करायची तयारी चालली आहे. खात्री मी देणार नाही. पण ज्यांना सख्खी भावंडं आहेत अशा मुलांची यादी केली आहे." त्यांनी सुजाताचा फॉर्म माझ्याकडे वळवला. "तुमची मुलगी त्या यादीत नाही. तुम्ही निरंक लिहिलंय."

माझेच अक्षर माझ्यासमोर होते. त्यात एक काना कमी-जास्त नव्हता.

मी म्हणालो, "सख्खी बहीण आहे."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता आजार मागे आहे, हीच वेळ. किती दिवस मागे राहील, मला माहीत नाही. बहिणीला महिन्याच्या आत घेऊन या."

बहीण कोठे आहे, हे मला माहीत नव्हते. ते माहीत नसावे अशी तजवीज साडेसात वर्षांपूर्वी मीच केली होती. त्या तजविजीचा खुलासा पुढे येईल.

चैत्र शुद्ध षष्ठी : अनसिंग

सुजाताला हमीदाबींच्या स्वाधीन करून मी पहाटेच्या एस.टी.ने अनसिंगला गेलो. निघताना सुजाताने विचारले, "बाबा, कोणाच्या केससाठी जाता?" मी म्हणालो, "आपल्याच." ती हसली. डोक्याला पांढरा फडका बांधून ती हमीदाबींच्या मशीनपाशी काज करायला बसली होती.

दत्तकपत्रातला पत्ता एवढाच होता : दौलत सखाराम इंगोले, मूळ राहणार अनसिंग. दौलत आणि त्याची बायको गयाबाई त्या काळी वाशीमच्या कापसाच्या जिनिंगात कामाला होती. गयाबाई आजारी, पावसाने दगा दिलेला, पदरी तीन लेकरे. धाकटी अडीच वर्षांची चिंगी आम्ही घेतली आणि तिचे नाव सुजाता ठेवले.

अनसिंग मोठे गाव आहे. शेतांतून तुरीच्या तुराट्यांचे ढीग लागलेले, आणि ऊन सकाळी नऊलाच अंगावर येत होते. बौद्धवाड्यात मी शिरलो तो माझी काळी टोपी, काखेतली पिशवी आणि छत्री पाहून दोन घरांची दारे लागली. कचेरीच्या माणसाला वाशीममध्ये खुर्ची मिळते, येथे दार बंद मिळते, हा फरक मी मनाशी नोंदवला. विहिरीजवळच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी चिंचा फोडत होती. ती दौलतची चुलती निघाली.

"समन्स आनला का?" तिने मान वर न करता विचारले.

"नाही आजी. दौलतला भेटायचे आहे."

"दौलतले भेटायले टोपीवाला माणूस कायले येईन? एक्या टोपीवाल्यानं लेकरू नेलं त्याचं. तवाधरनं गाव सुटलं."

तो टोपीवाला मीच, हे मी तिला सांगितले नाही. हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

तिने मला पाण्याचा लोटा दिला, आणि "उपाशी दिसता बाप्पा" म्हणून अर्धी भाकर व मिरचीचा ठेचा पुढे केला. ओट्यावर मी एकटाच जेवलो. ती आत निघून गेली. बाहेर आली तेव्हा तिला दया आली असावी. म्हणाली, "शेलूबाजारले पाहा. बारदाना शिवत होती गया. मधला पोट्टा दुष्काळात गेला त्याईचा. आता एकली कमल राह्यली."

म्हणजे माझे सगळे दैव त्या एका कमलवर येऊन ठेपले. मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, चार भावंडे असली तर एखाद्याचे जुळते. येथे एकच उरले होते.

परतीच्या एस.टी.त पिशवीतली शाईची दौत कलंडली. धोतरावर हातभर निळा डाग पडला. शेजारचा माणूस सरकून बसला. वाशीमपर्यंत त्या बाकावर माझ्याजवळ कोणी बसले नाही.

सप्तमी : शेलूबाजार

शेलूबाजार हे मोठ्या सडकेवरचे व्यापारी गाव. ट्रक थांबतात, जीपगाड्या माणसे कोंबून भरतात, आणि सडकेच्या कडेला कांद्याच्या भज्यांचा घाणा दिवसभर चालू असतो. मी ज्या जीपने गेलो तिच्यात पंधरा माणसे व दोन बकऱ्या होत्या. बकऱ्यांना बसायला जागा होती. वाटेत टायर बसले आणि शेवटचा मैल सर्वांनी पायी काटला. बकऱ्याही चालल्या, ही त्यातल्या त्यात न्यायाची गोष्ट.

गफूरभाईंचे दुकान म्हणजे जुन्या पोत्यांचा डोंगर. ते स्वतः त्या डोंगराच्या पायथ्याशी चष्मा लावून फाटक्या पोत्यांची निवड करीत होते. मला त्यांनी ओळखले. कधीकाळी मी त्यांचा एक अर्ज लिहून दिला होता.

"आओ पडघानसाहेब! धोतर कायले रंगवलं? होळी तं गेली ना!" त्यांनी चहा मागवला आणि मला पोत्यांच्या गठ्ठ्यावर बसवले. इंगोल्यांचे नाव काढताच म्हणाले, "गयाबाई? दोन साल काम केलं माया इथं. हात असा साफ, टाका दिसत नाई. पन एक अजीब गोष्ट होती पाहा."

"काय?"

"मी म्हनलं, वाशीमले माल जाऊन राह्यला, गाडीत बसून जा, मोजून दे, संध्याकाळी परत ये. तं म्हने, वाशीमले नाई जात. म्हनलं काहून? म्हने, आमाले मनाई हाये. दौलतही तसाच. पुसदले सोयऱ्याकडे जायचं तं वाशीमवरून सीधी गाडी सोडून कारंज्यावरून फेरा मारत जाये. मले वाटलं, खून-बिन करून आले का काय हे लोक!" ते मोठ्याने हसले. "सांगा साहेब, तुमी कायद्यातले. असा कोन्ता कायदा असते?"

मी चहा संपवला. वीस वर्षांत कायद्याचा प्रश्न विचारला असता मी गप्प बसल्याचे हे पहिले उदाहरण.

त्या कायद्याचा खुलासा असा. दत्तकपत्राचा मसुदा मी स्वतः केला होता. देणाऱ्याची संमती, घेणाऱ्याची संमती, साक्षी, एवढ्यावर ते पुरे झाले असते. पण सुंदराबाईला धास्ती होती की बाजाराच्या दिवशी गयाबाई दाराशी येईल आणि पोर तिच्याकडे धावेल. खरे सांगायचे तर ती धास्ती मलाही होती. म्हणून मी कलम चार घातले : मूळ आईबाप व त्यांची अपत्ये यापुढे सदर मुलीशी कोणताही संबंध ठेवणार नाहीत, तिला भेटणार नाहीत, व वाशीमच्या शिवेत वस्ती अथवा येणे-जाणे करणार नाहीत. असे कलम कोणत्याही कायद्यात नाही. कोणी मोडले असते तर मला काहीही करता आले नसते. दोघांना ते मी मोठ्या आवाजात वाचून दाखवले, आणि दोघांनी अंगठे दिले. त्यानंतर मी त्या कलमाचा विचारही केला नाही. मला वाटले, कागद कपाटात आहे.

गफूरभाईंनी सांगितले की इंगोले कुटुंब सध्या पोहरादेवीकडच्या रस्त्यावर रोजगार हमीच्या कामाला आहे. निघताना त्यांनी विचारले, "भल्यासाठी शोधून राह्यले ना साहेब?" मी हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले.

अष्टमी : पोहरादेवी

मंगरूळपीरहून मानोऱ्यापुढे रस्ता गर्दीने भरला होता. दुसऱ्या दिवशी रामनवमी, म्हणून बैलगाड्या, ट्रक, पायी चालणारे तांडे सगळे पोहरादेवीकडे लोटले होते. बंजारा बायांच्या ओढण्यांवरील आरशांतून ऊन उडत होते, आणि त्यांची गाणी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जात होती. कचेरीतली गर्दी मला ओळखीची आहे. तिच्यातला प्रत्येक जण आपापला कागद घेऊन एकटा आलेला असतो. ही गर्दी वेगळी होती. येथे आजीपासून तान्ह्यापर्यंत प्रत्येक जण कोणाचा तरी होता. एका तांड्याने मला बोलावून पानावर गूळ घातलेली लापशी वाढली. नाव-गाव न विचारता वाढली. मी आभार मानण्यास उठलो तोवर ते पुढे निघाले होते.

गावाच्या अलीकडे दीड कोसावर रस्त्याच्या कडेने गिट्टीचे ढीग होते. पळसाची फुले गळून गेलेली, झाडे नुसती हिरवी. तरटाच्या आडोशाखाली वानखडे नावाचे तरुण हजेरी कारकून मस्टर घेऊन बसले होते. त्यांनी हाक मारली, "दौलत इंगोले! पाव्हणे आले तुये!"

ढिगाच्या मागून एक वाळका माणूस उभा राहिला. माझी टोपी पाहिली आणि तो दोन पावले मागे सरकला.

"साहेब," तो म्हणाला, "हे वाशीमच्या हद्दीत नाई. आमी कलम मोडलं नाई."

नमस्कार नाही, कुशल नाही. साडेसात वर्षांनी भेटलेल्या माणसाचे पहिले वाक्य हे होते. उत्तर म्हणून मी टोपी काढली.

गयाबाई बाजूला बसून गिट्टी फोडत होती. तिने माझ्याकडे पाहिले, पण हातोडी थांबवली नाही. तिच्याजवळ घमेले घेऊन सतरा वर्षांची मुलगी उभी होती. कपाळ आणि भुवया सुजाताच्या. ओळख करून देण्याची गरज नव्हती.

मी म्हणालो, "चिंगी आजारी आहे. रक्ताचा कॅन्सर."

हातोडी थांबली.

"आमच्यातून गेला का?" गयाबाईने विचारले.

मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले सगळे सांगितले. धागा, तुकडा, नक्कल, नकलेवरून नक्कल. आईबापाचा दोष नाही, कोणाचीच चूक नाही, हेही सांगितले.

"कोनाचीच नाई अशी चूक म्या आजलोक पाह्यली नाई," ती म्हणाली. "मंग आता कायले आले? मेल्यावर सांगाचं होतं."

मी सांगितले की कमलच्या हाडातला थोडा मगज सुईने काढून चिंगीला देता येईल, जुळला तर. कमलला त्याने अपाय होत नाही, तो पुन्हा भरून येतो. पण आधी मुंबईला रक्त तपासायला न्यावे लागेल.

दौलत उकिडवा बसला. त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मग म्हणाला, "साहेब, कसं जमन? तुमीच वाचून दाखोलं होतं, 'त्यांची अपत्ये'. कमल आमचं अपत्य. ते वाशीमले आली, चिंगीले भेटली, तं म्या खोटा ठरलो. सरकारात कागद हाये माया अंगठ्याचा."

"दौलतभाऊ, ते कलम सरकारचे नव्हते. मी घातले होते."

"म्हंजे?"

"कायद्याने ते लागत नव्हते."

वानखडे मस्टरमधून मान वर काढून बघू लागले. गयाबाई उठली. तिच्या लुगड्यातून दगडाची भुकटी खाली पडली.

"जिनिंगातलं कायमचं काम सोडलं आमी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सात वर्सं वाशीमचा बाजार नाई केला. माई सख्खी बहीण वाशीमले वारली, तिच्या मातीले मी नाई गेली. शिवेपासून हात जोडून परत आली. अन् लागत नव्हतं?"

मी आजवर अनेकांसाठी सबबी लिहिल्या आहेत. त्या क्षणी मला एकही सुचली नाही.

"बोला ना! लोकाईचं तं लय लिवता!"

"माझे चुकले, गयाबाई," मी म्हणालो.

दौलत म्हणाला, "अन् कमलची सोयरीक झाली साहेब. वैशाखात लगन हाये. पोरीच्या हाडात सुई घातली हे समजलं तं सोयरे मांगं सरतील."

"सरतील तं सरतील," कमल म्हणाली. ती तोवर एक शब्द बोलली नव्हती. तिने घमेले खाली ठेवले. "बुवा, मी गेल्ती वाशीमले."

"कवा?" बाप ओरडला.

"मागच्या साली. दाळमिलच्या कामाच्या बायाईसंग. तुमाले शेलूले जातो म्हनून सांगलं. शाळेच्या तारेपाशी उभी राह्यली. पोट्ट्या सुट्टीत खेळत होत्या. हे एकली पायरीवर बसेल होती, डोक्याले पांढरा फडका. मले वाटलं, उवा झाल्या असतील म्हनून डोकसं साफ केलं असन. मी हाक नाई मारली. कागद होता ना. नाईतं मारली असती. अडीच वर्सं कडेवर मीच घेतलं तिले. आई तं जिनिंगात राहे."

रस्त्याने एक ट्रक गाणी म्हणत निघून गेला.

"मी येतो," कमल मला म्हणाली. "कवा निंगाचं?"

येथे सामान्य वाचकास वाटेल की आम्ही लगेच निघालो. तसे झाले नाही. दौलत अडून बसला : पहिले कागद. कलम लागत नव्हते, हे त्याला समजले होते. पण ज्यावर अंगठा दिला ते दुसऱ्या अंगठ्याशिवाय मोडायचे नाही, एवढी त्याची मागणी होती. माझ्याकडे मुद्रांक कागद नव्हता, दौतीत शाई नव्हती. वानखड्यांनी मस्टरचा एक कोरा कागद व त्यांची दौत दिली. गिट्टीच्या ढिगावर पिशवी ठेवून मी लिहिले : कलम चार मी, नामदेव किसन पडघान, चुकीने घातले होते, ते आजपासून रद्द. माझ्या हयातीत एका वाक्यात पुरा झालेला हा पहिला दस्त. वानखड्यांनी साक्ष घातली. दौलतने अंगठा दिला, आणि नंतर बोट धोतराला पुसत रडू लागला.

गयाबाईपुढे मी कागद धरला. तिने तो हाताने बाजूला सारला.

"माया अंगठा आता नाई भेटन तुमाले. मी तशीच येतो. पन तिले सांगजा, मी कोन हाये ते. तुमी सांगजा. तुमच्या तोंडानं."

मी होकार दिला. त्यानंतर तिने फडक्यातली भाकर सोडली, तिच्यावर पातळ बेसन घातले आणि माझ्यापुढे ठेवले. चौघे जण त्या दगडांवर बसून जेवलो.

नवमी : परत वाशीम

दौलत कामावर राहिला. आम्ही तिघे जत्रेच्या उलट दिशेने निघालो. गाडी रिकामी होती. गयाबाई खिडकीशी बसली होती. वाशीम जवळ आले तसे तिने दोनदा विचारले, "शीव आली का?" तिसऱ्यांदा मी म्हणालो, "मागे गेली." तिने पदर तोंडावर ओढून घेतला आणि घरापर्यंत काढला नाही.

सुजाता हमीदाबींच्या ओट्यावर होती. मला पाहून धावत आली, आणि मागच्या दोघी दिसताच थांबली.

"बाबा, ह्या कोण?"

वचन मी दिलेले होते. वाक्य गाडीत चार वेळा मनात जुळवले होते. तोंडून निघाले ते असे, "ह्या... मुंबईला तुझ्या सोबतीला येणार आहेत."

गयाबाईने माझ्याकडे पाहिले. कमल पुढे झाली आणि सुजातासमोर बसली. "मी कमल. तुई बहीण."

"मावशीची का आत्याची?"

"सख्खी."

सुजाताने माझ्याकडे मान वळवली. ती नजर मी वाचकांस वर्णन करून सांगणार नाही. मी म्हणालो, "पाणी आणतो," आणि घरात गेलो. माठापाशी किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. हमीदाबी आत आल्या आणि माझ्या हातातला रिकामा तांब्या काढून घेत म्हणाल्या, "भाईसाब, बच्ची बाहेर हाये. तुमी इथं काय करून राह्यले?"

मी बाहेर गेलो तेव्हा सुजाता दोघींच्या मध्ये बसली होती. गयाबाईने तिच्या डोक्यावरचा फडका सोडला होता आणि त्या उघड्या डोक्यावरून तळवा फिरवीत होती. बाहेरच्या माणसाला तो फडका सुजाता कधी सोडू देत नाही. मला तिने काही विचारले नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

मुंबई, व त्यानंतर

मुंबईच्या प्रवासाचे वर्णन अनेकांनी केलेले असल्याने मी करीत नाही. डॉक्टरीणबाईंनी कमलचे व सुजाताचे रक्त घेतले. चार दिवसांनी सांगितले की पहिल्या तपासणीत जुळल्यासारखे दिसते, दुसरी बारीक तपासणी बाकी आहे. सुजाताचे नाव यादीत घातले. पुढे काय होईल याची हमी त्यांनी आताही दिली नाही. आजार मागे आहे तोवर तिला तेथेच ठेवायचे ठरले. कमलच्या सोयऱ्यांना दौलतने स्वतः जाऊन सांगितले. त्यांनी लग्न पुढे ढकलले आहे. मोडले नाही, पण कायमही केले नाही.

मुलींच्या वॉर्डात सोबतीला एकाच बाईस परवानगी आहे. नर्सने विचारले, "आई कोण?" गयाबाई माझ्याकडे पाहत राहिली. यावेळी मी उत्तर दिले. मी म्हणालो, "ह्या आहेत." सुजाता खाटेवर होती, तिने ते ऐकले. कमलची सोय जवळच्या धर्मशाळेत झाली. मला तेथे काही काम उरले नव्हते. वॉर्डाच्या दारातून मी हात हलवला, तेव्हा सुजाता भिंतीकडे तोंड करून निजली होती. निजली होती की नाही, याबद्दल खात्रीलायक पुरावा नाही.

मला परत येऊन सोळा दिवस झाले. टेबल लिंबाखालीच आहे. गर्दीही आहे. संध्याकाळी घर उघडतो, दोन भाकरी टाकतो आणि एक उरते. हमीदाबी रोज विचारतात, पत्र आले का? मी तीन पत्रे धाडली. उत्तर नाही. मधल्या पत्रात मी सगळे लिहिले आहे : जिनिंग, अंगठे, कलम चार, गयाबाईच्या बहिणीची माती, शाळेच्या तारेपाशी उभी राहिलेली कमल. जे माझ्या तोंडून निघाले नाही, ते कागदावर निघाले. त्याची शिक्षा म्हणून उत्तर येत नसेल, तर ती शिक्षा मला मान्य आहे. पण ती शिक्षाच आहे की टपालाचा घोळ, एवढे समजले पाहिजे.

सबब, उपरोक्त सर्व बाबींचा विचार होऊन, कुमारी सुजाता हिच्याकडे नम्र विनंती करण्यात येते की तिने या पत्रांचे उत्तर द्यावे. ताप आहे का, जेवण जाते का, कमलशी बोलतेस का, एवढे कळवावे. मला यापुढे काय म्हणून हाक मारावी हे ठरवण्यास वेळ हवा असल्यास तो घ्यावा, त्यास मुदत नाही. उत्तर दोन ओळींचे असले तरी चालेल, रागाचे असले तरी चालेल. अक्षर मात्र तुझे असावे. दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेऊ नये.

अर्जदार,
नामदेव किसन पडघान